जागा सांगायची नाही

माझ्या गालावर आयुष्यात एकाच माणसाचा हात पडला आहे. आईवडलांनी कधी मारलं नाही आणि नवऱ्याची ती हिंमत नाही. थप्पड होती नागवेकर मॅडमची, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, मायक्रोबायॉलॉजीच्या प्रयोगशाळेत, सगळ्या बॅचच्या देखत.

मला घरची एसटी गाठायची होती. जिवाणू वाढवलेल्या प्लेटा आधी ऑटोक्लेव्हमध्ये घालायच्या, आतले जिवाणू वाफेने मारायचे आणि मगच प्लेटा धुवायच्या, हा आमचा पहिल्या दिवशीचा धडा. मी घाईत त्या तशाच बेसिनमध्ये विसळल्या. मागून पावलं वाजली नाहीत, आधी गालच वाजला. प्रश्न नंतर आले.

"ह्या बेसिनचं पाणी कुठे जातं?"

"गटारात, मॅडम."

"गटार कुठे जातं?"

"खाडीला."

"खाडीत काय मिळतं?"

मी म्हटलं, "तिसऱ्या."

"तिसऱ्यांचं कालवण कोणाच्या घरी होतं?"

खाडीतल्या त्या शिंपल्यांचं कालवण दर रविवारी आमच्याच घरी व्हायचं. मॅडमनी कपाटातून फिनेलची बाटली काढली, अर्धी बेसिनमध्ये ओतली आणि बाकीची माझ्या हातात दिली. माझी एसटी गेली. पुढच्या गाडीने घरी पोचले तेव्हाही गालावर चार बोटं होती, आणि आईला मी दाढ दुखते म्हणून सांगितलं.

आज कोणी असं केलं तर व्हिडिओ निघेल, चौकशी बसेल. बसायलाच हवी. 'आमच्या मास्तरांनी मारलं म्हणून आम्ही घडलो' असं म्हणत फिरणाऱ्यांची मला चीड येते. मी मारामुळे घडले नाही. मी कॉलेजची वर्षं घाबरून काढली, आणि त्याबद्दल मॅडमना मी अजून माफ केलेलं नाही. पण रत्नागिरीत माझी रक्त-लघवी तपासायची लॅब आहे, आणि रोज सकाळी प्लेट उजेडात धरली की माझ्या तोंडून त्यांचंच वाक्य निघतं. "मेले का? नक्की मेले? परत बघ." मॅडमना जाऊन आता वर्ष होईल. वाक्य काही गेलं नाही.

त्या होत्या जेमतेम पाच फूट. अंगाने काटकुळ्या, आवाजाने दणदणीत. साडीवर पांढरा कोट, कोटाच्या खिशात खडूचे तुकडे. डावखुऱ्या होत्या आणि नेम असा की शेवटच्या बाकावर पेंगणाऱ्याच्या कपाळावर खडू बसायचा, शेजाऱ्याला वाराही लागायचा नाही. पोरांनी त्यांचं नाव 'ओंबील' ठेवलं होतं. ओंबील म्हणजे आंब्याची पानं शिवून घरटं करणारी ती तांबडी मुंगी. आमच्याकडे आंबे काढायला झाडावर चढलेल्या प्रत्येकाने तिचा प्रसाद खाल्लेला असतो. हे नाव त्यांच्या कानावर गेलं तेव्हा आम्हाला वाटलं, आता सगळ्या वर्गाचं कंबरडं मोडणार. त्या म्हणाल्या, "ओंबील चावली की सोडत नाही. ओढून काढलीत तर धड हातात येतं, जबडा तिथेच राहतो. नाव ठेवणाऱ्याचा अभ्यास बरा आहे. कोण तो?" अर्थातच कोणी उभं राहिलं नाही.

त्यांच्या तोंडी मारामारीशिवाय दुसरी भाषा नव्हती. जिवाणू 'घुसतात', बुरशी 'दरोडा घालते', शरीर 'कापाकापी करतं'. प्रतिजैविकं शिकवायला लागल्या की त्या फळ्यावर आधी एक मोठी मुंगी काढायच्या. ही मुंगी त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती इकडे नसतेच, दक्षिण अमेरिकेच्या जंगलात असते. पण तीस वर्षं दरवर्षी काढून काढून ती इतकी हुबेहूब यायची, की वाटावं मॅडमच्या परसातच राहते.

"ही पानं कापते," त्या सांगायच्या. "खात नाही. जमिनीखाली नेऊन चावून चावून त्याचा लगदा करते आणि त्यावर बुरशी लावते. आपण भात लावतो तशी. ती बुरशी हिचं जेवण. आता शेत म्हटलं की चोर आलाच. दुसरी एक बुरशी ह्या शेतावर पडते आणि सगळं मारून टाकते. शेत मेलं की वसाहत उपाशी मरते. लाखो मुंग्या. मग ही काय करते? हिच्या छातीवर पांढरी पूड दिसते, ती बघा."

एकदा मागून कोणीतरी म्हणालं, "पावडर लावते, मॅडम?"

खडू गेला आणि लागला. मॅडम वाक्य न तोडता पुढे बोलत राहिल्या. "ती पूड म्हणजे जिवाणू. मुंगी त्यांना अंगावर पोसते आणि ते त्या चोर बुरशीला मारायचं विष सोडतात. आपल्या बऱ्याचशा अँटिबायोटिक गोळ्या अशाच जिवाणूंच्या जातभाईंकडून आलेल्या आहेत. पुस्तकात ह्याला सहजीवन लिहिलंय. गोड शब्द आहे. तुम्हाला वाटेल, सगळे हातात हात घालून नाचतायत. कोणी नाचत नाही. प्रत्येकजण दुसऱ्याला धरून आहे, कारण सोडलं तर दोघं मरतात. रोज मारामारी चालू आहे म्हणून घर उभं आहे. लिहा."

आम्ही लिहिलं. परीक्षेत तसंच लिहिलं तर मार्क मिळत नसत, कारण पेपर दुसरीकडे तपासायला जायचे.

शेवटच्या वर्षाला त्यांनी आम्हा सहा मुलींना घरी बोलावलं. त्यांचं घर शहराबाहेर अर्ध्या तासावर होतं, सड्याच्या कडेला. सडा म्हणजे काळ्या कातळाचं उघडं माळरान. पावसात हिरवं, उन्हाळ्यात तव्यासारखं. घरामागे आंब्याच्या कलमांची बाग, आणि बाग संपून कातळ सुरू होतो तिथे छातीइतकं उंच वारूळ.

"अमेरिकेत जायची माझी ऐपत नाही," मॅडम म्हणाल्या. "मुंगीचं तिथे असेल ते असो. आपल्याकडे वाळवी आहे. तीसुद्धा शेती करते."

त्यांनी वारुळाच्या पायथ्याशी, आधीच केलेल्या एका लहान भोकातून, करंगळीएवढा तुकडा काढला. मधाच्या पोळ्यासारखा, पण मातकट आणि भुसभुशीत, त्यावर पांढरे दाणे. वाळवीने लावलेली बुरशी. श्रावणात गडगडाट झाला की हीच बुरशी वर येते आणि आपण तिला अळंबी म्हणून परतून खातो. भोक त्यांनी ओल्या मातीने बुजवलं आणि वरून हात फिरवला. तो हात असा सावकाश फिरताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

त्या तुकड्यावरचे जिवाणू आणि मेलेल्या वारुळातली काळी बुरशी त्यांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेत एकाच प्लेटमध्ये वाढवली होती. काळी बुरशी सगळी प्लेट व्यापत आली होती, पण जिवाणूंच्या ठिपक्यापाशी थबकली होती. मध्ये नखभर मोकळी जागा. तिथे कोणी नाही. "ह्यात माझा शोध काही नाही," त्या म्हणाल्या. "वाळवीचे जिवाणू खरोखर किती राखण करतात ह्यावर मोठमोठ्या लोकांचं अजून भांडण चालू आहे. पण माझ्या परसातली मारामारी मी माझ्या डोळ्यांनी बघितली." ह्या वारुळाच्या नोंदी त्या दरवर्षी वहीत करत. वह्यांनी एक कपाट भरलं होतं.

त्याच दिवशी आम्ही दिगूकाकांना पाहिलं. दिगंबर, मॅडमचा धाकटा भाऊ. बाग तो सांभाळायचा. बायको वारलेली, मूल नाही. मॅडमनी लग्नच केलं नव्हतं. घर एक, पण पुढच्या दाराने बहीण ये-जा करायची, मागच्या दाराने भाऊ, आणि चुली दोन. का, तर वीस वर्षांचं भांडण.

भांडण होतं अळंबीवरून. आमच्याकडे अळंबीची जागा कोणी कोणाला सांगत नाही. सख्ख्या शेजाऱ्याला नाही, बायकोला नाही. पहाटे निघायचं, वाटेत कोणी भेटलं तर उलट्या दिशेला वळायचं. बाप जागा सांगतो ती मरताना, तेवढी एकदाच, आणि मुलाला. सड्यावर नागवेकरांची अशी एक जागा पिढ्यान्‌पिढ्या होती. त्यांचे वडील मरायला टेकले तेव्हा त्यांनी मॅडमना खोलीबाहेर जायला सांगितलं, दार लोटून घेतलं आणि दिगूच्या कानात जागा सांगितली. मॅडम तेव्हा नोकरीला लागलेल्या होत्या, बापाचं आजारपण त्यांनीच काढलं होतं. दाराबाहेर त्या बेडपॅन धरून उभ्या होत्या, असं त्यांनीच पुढे मला सांगितलं.

तेव्हापासून त्या विचारत होत्या आणि भाऊ सांगत नव्हता. परसातलं वारूळ त्यांचं, अभ्यासाचं. त्याची अळंबी त्या कोणाला तोडू देत नसत. पण बापाची जागा ती बापाची जागा. आमच्यासमोर त्या दिवशी पुन्हा पेटलं.

"पोरींना दाखवायचीय, सांग जागा," मॅडम म्हणाल्या. घरी त्यांची भाषा बदलायची.

"बाईमाणसाला जागा सांगत नाय," दिगूकाका मागच्या पडवीतून म्हणाले. "लगीन होऊन जाते. जागा दुसऱ्या गावात जाते."

"मी कुठं गेलंय रे? छप्पन्न वर्षं ह्याच उंबऱ्यात हाय!"

"अजून जाशील. काय सांगावं."

तांब्या गेला. भरलेला होता. दिगूकाकांनी मान वाकवली, तांब्या मागच्या भिंतीवर आपटून चेपला. भिंतीवर तशा खुणा बऱ्याच होत्या. काकांनी तो उचलून जागेवर ठेवला आणि आम्हाला विचारलं, "पोरींनो, कोकम घेणार?"

आणि तरीसुद्धा दर श्रावणात, पहिली अळंबी आली की सकाळी मॅडमच्या पुढच्या उंबऱ्यावर सागाच्या पानात बांधलेली पुडी असायची. निम्मी त्यांची. मॅडमनी कधी बरं झालं म्हटलं नाही. त्या मागच्या दाराकडे तोंड करून ओरडायच्या, "माती तशीच हाय! धुवायला हात मोडले काय?" एवढंच त्यांचं वर्षभरातलं धड संभाषण.

मॅडम निवृत्त झाल्या. माझं लग्न झालं, लॅब सुरू झाली. त्या बाजाराला आल्या की लॅबमध्ये डोकावायच्या, माझ्याकडे कामाला असलेल्या मुलींना झापायच्या आणि इनक्युबेटरवर धूळ आहे का ते बोटाने बघायच्या. मग दोन वर्षांमागचा मे महिना आला.

मॅडम मोतीबिंदूच्या ऑपरेशनला कोल्हापूरला गेल्या होत्या. दहा दिवसांनी काळा चष्मा लावून परतल्या. घरात पिशवी ठेवली आणि आधी मागे वारुळाकडे गेल्या. वारुळाला पहारीने वरपासून खालपर्यंत भोकं पाडलेली होती. आजूबाजूची माती ओली आणि पांढरट, आणि वास असा की नाकाला झोंबावा. वाळवीचं औषध ओतलं होतं. आमच्याकडे विषाला औषध म्हणतात. पायथ्याशी फोडलेला नारळ, आणि कोंबड्याची पिसं. दिगूकाकांनी आधी राखणदाराला कोंबडं दिलं होतं. जागेचा रखवालदार तो, वारुळाला हात लावायचा तर त्याला विचारल्याशिवाय कसा लावणार? त्याला रक्त दाखवलं, मागणं घातलं, माफी मागितली, आणि मग निवांत मनाने त्याचंच घर विषाने भरलं. हा गाढवपणा आमच्याकडचाच माणूस करू जाणे.

पुढचं मॅडमनी मला रुग्णालयाच्या बाकावर बसून सांगितलं, परीक्षेतलं उत्तर सांगावं तसं.

"मी विचारलं, हे कोणी केलं? तो म्हणाला, मी केलं, राखणदाराला विचारून केलं. मी म्हटलं, त्याला विचारलंस, मला नाही विचारलंस? तो काही बोलेना. कारण विचारलं तरी बोलेना. पहार तिथेच उभी होती. मी ती उचलली आणि त्याच्या नडगीवर मारली. एकदाच. हाड वाचलं, मांस फाटलं. तो खाली बसला. मी घरात गेले आणि मधल्या दाराला कडी घातली."

नऊ दिवस बहीणभाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते. ही काही नवी गोष्ट नव्हती, पूर्वी दोन-दोन महिने गेलेले होते. दहाव्या दिवशी मॅडमनी वह्यांचं कपाट उघडलं. वारूळ मेल्याची नोंद करायची होती. खालचे दोन खण रिकामे. वरच्या खणांतल्या वह्या वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, मध्ये कडुनिंबाचा पाला, आणि आंब्याच्या पेटीला बांधतात त्या सुतळीने बांधलेल्या. गाठ दिगूची. मॅडमनी एक गठ्ठा सोडला. वह्यांच्या कडा कुरतडलेल्या होत्या, पण प्रत्येक पान झटकून, उन्हात वाळवून पुन्हा जागेवर लावलेलं होतं. कपाटाच्या मागच्या फळीला, भिंतीतून वर आलेल्या मातीच्या वाटा होत्या.

वाळवी मॅडमच्या वह्या खात होती. त्या कोल्हापूरला असताना दिगूने ते पाहिलं. अर्ध्या वह्या गेल्या होत्या, उरलेल्या वाचवायच्या तर वारूळ मारल्याशिवाय त्याला उपाय दिसेना. बहिणीला फोन करून विचारावं, तर ती डोळ्यावर पट्टी बांधून पडलेली. आणि ती परत आली तेव्हा एका शब्दाने त्याने हे सांगितलं नाही. पहार खाल्ली, पण 'तुझ्यासाठी केलं' एवढं त्याच्या तोंडून निघालं नाही. ह्या घरात गोड बोलायची सवयच कोणाला नव्हती.

मॅडमनी मधल्या दाराची कडी काढली. दिगूकाका मागच्या खोलीत चटईवर होते, अंग चुलीसारखं तापलेलं. नडगीवर फडकं गुंडाळलेलं, त्याचा वास दारापर्यंत आला. उशाशी एक पाकीट पडलेलं होतं, गेल्या वर्षी दाढ काढली तेव्हाच्या उरलेल्या कॅप्सूलांचं.

"किती खाल्ल्यास?" मॅडमनी विचारलं.

"तीन. जरा बरं वाटलं म्हणून बंद केल्या. बाकीच्या पुढल्या वेळंला."

ज्या बाईने तीस वर्षं फळ्यावर 'अर्धवट गोळ्या खाऊ नका' लिहून लिहून हात झिजवला, तिच्या भिंतीच्या पलीकडे हे चाललं होतं. आणि मध्ये कडी तिनेच घातलेली.

रुग्णालयातून जखमेतला पू माझ्या लॅबला तपासायला आला. नाव वाचून मी तो स्वतःच लावला. अशा प्लेटवर जिवाणू पसरून वर वेगवेगळ्या औषधांच्या गोल चकत्या ठेवतात. जे औषध लागू पडतं त्याच्याभोवती जिवाणू मरतात आणि मोकळं वर्तुळ दिसतं. निकालाच्या सकाळी मी शटर उघडायला आले तेव्हा मॅडम पायरीवर बसलेल्या होत्या.

"आण," त्या म्हणाल्या.

मी प्लेट दिली. त्यांनी काळा चष्मा काढून ती खिडकीच्या उजेडात धरली. जिवाणू चकत्यांना अगदी भिडून वाढले होते. एक चकती, दुसरी, पाचवी, आठवी. वर्तुळ नाही. एकाच चकतीभोवती केसाएवढी मोकळी रेघ.

"परत लाव," त्या म्हणाल्या.

"दोनदा लावलंय, मॅडम."

त्यांनी प्लेट माझ्या टेबलावर ठेवली. मला वाटलं आता काहीतरी फुटणार, आणि फुटलं असतं तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "त्याच्या तीन गोळ्यांनी हे झालेलं नाही. हे आधीच माजलेले आहेत. घराघरांतल्या अर्ध्या पाकिटांवर पोसलेत. पण आत त्यांना वाट मी करून दिली. पहार माझी." मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तुला मी एकदा मारलं होतं. हात तोच."

मला रडू आलं, आणि ते त्यांच्यासाठी होतं का गालासाठी, मला सांगता येणार नाही.

ते एकच औषध सुरू झालं, पण विष वर चढत होतं. सर्जन म्हणाले, पाय गुडघ्याखाली काढावा लागेल, आजच, आणि तरी माणूस वाचेल ह्याची खात्री नाही. मॅडमनी सही केली. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून वॉर्डात होते. दिगूकाकांना न्यायला स्ट्रेचर आलं. ते शुद्धीत होते, ओठ सुकलेले. त्यांनी मॅडमच्या पदराला धरून त्यांना खाली ओढलं.

"ताय, ऐक. कान इकडं कर. आपली जागा... सड्यावर, तळीच्या..."

मॅडमनी त्यांच्या थोबाडीत मारली.

सगळा वॉर्ड हादरला. सिस्टर किंचाळली, वॉर्डबॉयने मॅडमचे दंड मागून धरले. त्या त्याला झटकून पुन्हा पुढे झाल्या. पाच फुटांची बाई, डोळ्यातून पाणी वाहतंय, आणि हात उगारलेला.

"सांगायची नाय! खबरदार जागा सांगितलीस तर! जीव घेईन तुझा!"

"तीस वरसं मागत व्हतीस की गो."

"मागत व्हते. आता नको. आता सांगितलीस ना, तर बघ! तोंड शिव!"

दिगूकाकांनी तोंड मिटलं. गालावर चार बोटं उठत होती. ती बोटं मला पाठ होती. मग ते हसले, म्हणजे सुकलेला ओठ फाटून त्यातून रक्त आलं, आणि स्ट्रेचर गेलं. सिस्टर मला म्हणाली, "कसली राक्षसीण आहे ही बाई! मरणाऱ्या माणसाला मारते!" मी तिला समजावत बसले नाही. आमच्याकडे जागा माणूस एकदाच सांगतो. ती ऐकून घेतली असती, तर त्याला जायला मोकळीक मिळाली असती.

पाय गेला. माणूस वाचला. महिनाभर मॅडम रुग्णालयातच होत्या. गोळीची वेळ झाली की घड्याळ बघायच्या, गोळी तोंडात घालायच्या, तोंड उघडायला लावून जिभेखाली बोट फिरवायच्या. काका शिव्या द्यायचे, त्या उलट द्यायच्या. शेजारच्या खाटांवरचे पेशंटसुद्धा भीतीने वेळेवर गोळ्या घेऊ लागले.

गणपती आठवड्यावर आले असताना मी सकाळी त्यांच्याकडे गेले. रात्री पाऊस झाला होता, आता उघडीप होती. मॅडम मागे वारुळापाशी उभ्या होत्या. वारूळ खचलं होतं आणि त्याच्या भोकांतून काळी बोटं वर आली होती, शेकडो, मेलेल्या माणसाने मातीतून हात काढावा तशी. ती काळी बुरशी. राखण करणारं कोणी उरलं नव्हतं.

"बघ," त्या म्हणाल्या. "तीन महिन्यांत घर घेतलं." वही त्यांच्या काखेत होती. नवीन वही.

आम्ही पुढच्या बाजूला आलो. उंबऱ्यावर सागाच्या पानात बांधलेली पुडी होती. मॅडमनी ती उघडली. अळंबी. टपोरी, देठाला लाल माती तशीच. परसातलं वारूळ मेलेलं, म्हणजे ही सड्यावरची, बापाच्या जागेची. मी मागच्या पडवीकडे पाहिलं. दिगूकाका भिंतीला टेकून बसले होते, कुबड्या शेजारी, एकुलता पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेला. डोळे मिटलेले. झोपेचं सोंग त्यांना अजिबात जमत नव्हतं.

"माती तशीच हाय!" मॅडम ओरडल्या, पण आवाज मध्येच फाटला.

तेवढ्यात त्यांचं लक्ष अंगणात गेलं, आणि माझंही. ओल्या मातीत खुणा होत्या. एक पाऊल आणि दोन बाजूंना कुबड्यांची दोन गोल भोकं. पुन्हा एक पाऊल, पुन्हा दोन भोकं. अंगणातून गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, खिंडीतून बाहेर आणि तिथून थेट सड्याकडे, आंधळ्यानेही मागे मागे जावं अशी वाट. तीस वर्षं ज्या जागेसाठी तांबे फेकले, ती जागा त्या खुणांच्या टोकाला होती.

मॅडमनी मला खांद्याला धरून गर्रकन फिरवलं. "तिकडे बघू नकोस. घराकडे तोंड कर."

मी केलं. पाठीमागे खराट्याचा आवाज यायला लागला, रागाने एखाद्याला बडवावं तसा. शेवटी न राहवून मी चोरून मागे पाहिलं. मॅडम खराट्याने त्या खुणा पुसत चालल्या होत्या. एकेक भोक पायाने चेचून, वर माती ओढून. पण त्यांची पाठ सड्याकडे होती. पायाखालच्या मातीवर डोळे रोवून त्या उलट्या पावलांनी मागे मागे जात होत्या, गडग्यापर्यंत आणि गडग्याच्या पलीकडेही, आणि मान एकदाही वळवत नव्हत्या.